लोड बॅलन्सरमागच्या सर्व्हरची तब्येत: काय विचारायचं, किती वेळाने विचारायचं

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचा एक कारखाना आहे. ऑर्डर घेण्याचं त्यांचं सॉफ्टवेअर आधी एकाच सर्व्हरवर चालायचं. दिवाळीआधी व्यापाऱ्यांची गर्दी वाढली, तसे सर्व्हर दोन झाले आणि त्यांच्यापुढे, आलेलं काम दोघांत वाटून देणारा एक लोड बॅलन्सर बसला. मालक निर्धास्त: एक बंद पडला तरी दुसरा सांभाळेल. सांभाळेलही, पण पहिला बंद पडलाय हे लोड बॅलन्सरला कळलं तर. ते कळण्याची जी सोय असते तिला हेल्थ चेक म्हणतात. ती नीट लावलेली नसेल, तर दोन सर्व्हर असून निम्म्या व्यापाऱ्यांचे फोन येतातच: "ओ सर, साईट उघडंना की!" उरलेल्या निम्म्यांची साईट व्यवस्थित चालू असते, त्यामुळे ऑफिसात बसलेल्याला सगळं ठीकच दिसतं. पूर्ण बंद पडलेली साईट सापडायला सोपी असते. अर्धी बंद पडलेली साईट फार छळते.

डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग करून नुकतेच नोकरीला लागलेले, आणि "आजपासून ही रॅक तुझी" असं ज्यांना सांगितलं गेलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लिनक्सवर फाइल उघडता येणं, सेवा चालू-बंद करता येणं आणि आयपी पत्ता म्हणजे काय हे माहीत असणं, एवढं पुरे. सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत जातात.

नेटवर्क लोड बॅलन्सर म्हणजे काय, हे थोडक्यात. तो चौथ्या थरावर, म्हणजे टीसीपी-यूडीपीच्या पातळीवर काम करतो. आलेली जोडणी कुठल्या आयपीवरून कुठल्या पोर्टवर आली एवढंच तो बघतो आणि मागच्या एका सर्व्हरकडे ती सोपवतो. आत लॉगिन चाललंय, ऑर्डर चाललीय की एररचं पान जातंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून तो वेगवान असतो, आणि म्हणूनच त्याला सर्व्हरची खबर वेगळी काढावी लागते.

आधी लॅपटॉपवर मांडा

चालू यंत्रणेवर शिकू नका. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियन किंवा उबुंटूची तीन छोटी मशीन सहज बसतात. एकावर एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर टाका, उरलेल्या दोघांवर एनजिनेक्स हा वेब सर्व्हर. व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली नेटवर्क सहसा १९२.१६८.५६ ने सुरू होतं. लोड बॅलन्सरला शेवटी १०, सर्व्हरना ११ आणि १२ असे पत्ते द्या. दोन्ही सर्व्हरच्या पहिल्या पानावर वेगळा मजकूर ठेवा, 'मी ११' आणि 'मी १२', म्हणजे उत्तर कोणी दिलं ते लगेच दिसेल.

एचएप्रॉक्सी निवडायचं कारण असं की तो फुकट आहे, चौथ्या थरावरही चालतो आणि सातव्यावरही (म्हणजे वेबची मागणी-उत्तरं जिथे कळतात त्या पातळीवर), आणि त्याचं लॉग वाचण्यासारखं असतं. विली तारो यांनी २००१ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आणला. लिनक्सच्या केर्नलमधला (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) आयपीव्हीएस हाही पर्याय आहे, पण तो स्वतः सर्व्हरची तब्येत तपासत नाही. त्यासाठी वर कीपअलाइव्हडी हा वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागतो. नवख्याने एका वेळी एकच गोष्ट शिकावी.

एचएप्रॉक्सीच्या फाइलमध्ये मोड टीसीपी ठेवा आणि बॅकएंडमध्ये, म्हणजे मागच्या सर्व्हरच्या यादीत, दोन्ही सर्व्हरच्या ओळी लिहा. प्रत्येक ओळीत नाव, पत्ता, पोर्ट आणि शेवटी 'चेक' हा शब्द. तो शब्द विसरलात तर एचएप्रॉक्सी तक्रार करत नाही. तो तपासणीच करत नाही, आणि त्या सर्व्हरला कायम जिवंत धरून चालतो. दुसऱ्याने लावलेली यंत्रणा ताब्यात घेताना मी सगळ्यात आधी हा शब्द शोधतो.

आकडे दिले नाहीत तर एचएप्रॉक्सी दर २ सेकंदांनी विचारतो, लागोपाठ ३ वेळा उत्तर चुकलं की सर्व्हरला बाद करतो, आणि लागोपाठ २ वेळा बरोबर आलं की परत घेतो. फाइलमध्ये या तिघांची नावं इंटर, फॉल आणि राइज. सर्व्हरची स्थिती दाखवणारं स्टॅट्सचं पानही चालू करून ठेवा, पण पासवर्ड लावून आणि फक्त आतल्या नेटवर्कवर. ते पान बाहेरच्या जगाला उघडं असणं म्हणजे आपल्या घराचा नकाशा चौकात लावणं, आणि तसं केलेलं आजही दिसतं.

आता सर्व्हर मारून बघा, तीन तऱ्हांनी

खरं शिक्षण इथे होतं, म्हणून घाई करू नका. लोड बॅलन्सरवर लॉग उघडा ठेवा, शेजारच्या खिडकीत दर सेकंदाला साईटचं पान मागणारी छोटी स्क्रिप्ट लावा आणि ११ नंबरचा जीव घ्या.

पहिली तऱ्हा सोपी: एनजिनेक्सची सेवा बंद करा. मशीन चालू आहे पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, त्यामुळे केर्नल लगेच नकार पाठवतो. लॉगमध्ये 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसेल आणि स्टॅट्सच्या पानावर एल४कॉन (एल४ म्हणजे चौथा थर). बाद व्हायला साधारण ४ ते ६ सेकंद लागतील. सेवा तपासणीच्या नेमकी आधी मेली तर ४, नेमकी नंतर मेली तर ६. त्या मधल्या वेळात ११ कडे गेलेल्या जोडण्या फसतात. टीसीपी पातळीवर काही वेळा पुनःप्रयत्न करून दुसरीकडे वळवण्याची सोय एचएप्रॉक्सीत आहे, पण तिच्यावर विसंबून आकडे ठरवू नका.

दुसरी तऱ्हा: व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'केबल कनेक्टेड'ची खूण काढा. आता नकारही येत नाही, नुसती शांतता. प्रत्येक तपासणी मुदत संपेपर्यंत वाट बघते, स्टॅट्सच्या पानावर एल४टाउट येतं, आणि बाद व्हायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. स्विचचं पोर्ट गेलं, यूपीएस संपून मशीन धाडकन बंद झालं, फायरवॉलने पाकिटं गिळली, तर असंच दिसतं. नकार आला की मशीन जिवंत आहे, शांतता आली की बहुधा मशीन किंवा वाट गेलीय. एवढा फरक ओळखता आला तरी रात्री अर्धा तास वाचतो.

तिसरी तऱ्हा महत्त्वाची. एनजिनेक्सच्या सगळ्या प्रक्रियांना सिगस्टॉप हा सिग्नल पाठवा. पीकिल ही आज्ञा ते एका फटक्यात करते. प्रक्रिया मेलेल्या नाहीत, गोठलेल्या आहेत. आता स्टॅट्सचं पान बघा: ११ हिरवा. एल४ओके. दोन मिनिटं थांबा, तरी हिरवाच. आणि शेजारच्या खिडकीतली स्क्रिप्ट मात्र प्रत्येक दुसऱ्या मागणीला लटकून बसलेली.

असं का होतं? लोड बॅलन्सर फक्त टीसीपीचा हँडशेक, म्हणजे जोडणी सुरू करतानाची सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक या पाकिटांची देवाणघेवाण, करून बघत होता, आणि हँडशेक एनजिनेक्स करतच नाही. तो केर्नल करतो. सिन आलं की केर्नल सिन-अ‍ॅक पाठवतो, अ‍ॅक आलं की जोडणी पूर्ण झाली असं धरून ती रांगेत ठेवतो आणि प्रोग्रॅमने ती उचलून घ्यायची वाट बघतो. या रांगेला बॅकलॉग म्हणतात. लिनक्सवर एनजिनेक्स ती ५११ ची मागतो, आणि केर्नलची सोमॅक्सकॉन ही मर्यादा तिच्यावर असते. ती मर्यादा जुन्या केर्नलमध्ये १२८ होती, ५.४ या आवृत्तीपासून ४०९६ झाली. प्रोग्रॅम गोठला तरी रांग भरेपर्यंत केर्नल प्रत्येकाला 'या, बसा' म्हणत राहतो. लोड बॅलन्सरलाही तेच म्हणतो.

यंत्रमागावर धोट्यातली कांडी संपली आणि माग थांबवणारी यंत्रणा बिघडलेली असेल, तर माग चालतच राहतो, खडखडाट तोच, पण कापड विणलं जात नाही. टीसीपीची तपासणी तो खडखडाट ऐकते.

खऱ्या आयुष्यात सिगस्टॉप कोणी पाठवत नाही. पण प्रोग्रॅमचे सगळे थ्रेड डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत अडकणं, मेमरी संपून मशीन स्वॅपमध्ये (मेमरीऐवजी वापरलेल्या डिस्कवर) घरघरणं, जावाच्या प्रोग्रॅमने कचरा (न लागणारी मेमरी) गोळा करायला लांबलचक विराम घेणं, हे सगळं बाहेरून हुबेहूब असंच दिसतं. शिकवताना हा प्रयोग मी वगळत नाही, कारण एकदा तो हिरवा ठिपका बघितला की टीसीपी तपासणीवरचा आंधळा विश्वास आपोआप जातो. झाल्यावर सिगकाँट पाठवून प्रक्रिया सोडवायला विसरू नका.

प्रश्न बदला: पोर्ट नको, पान विचारा

जोडण्या चौथ्या थरावर वाटल्या तरी तपासणी सातव्या थरावर करता येते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोड टीसीपीच ठेवा आणि बॅकएंडमध्ये 'ऑप्शन एचटीटीपीसीएचके' टाका. आता एचएप्रॉक्सी हँडशेकवर न थांबता पान मागेल आणि उत्तर बघेल. तिसरा प्रयोग पुन्हा करा. या खेपेला ११ लाल होईल, एल७टाउट अशा खुणेने.

इथे नवख्यांचे पाय तीन ठिकाणी हमखास अडकतात.

काही न सांगता ठेवलं तर एचएप्रॉक्सी 'गेट' पाठवत नाही, 'ऑप्शन्स' नावाची मागणी पाठवतो. साध्या फाइल देणारा एनजिनेक्स त्याला ४०५, म्हणजे 'ही मागणी चालत नाही', असं उत्तर देतो, आणि दोन्ही धडधाकट सर्व्हर एकदम लाल होतात. मागणी गेट असेल आणि पत्ता अमुक असेल, हे स्वतः लिहा.

दुसरं: एचएप्रॉक्सी २०० च्या आणि ३०० च्या घरातलं कुठलंही उत्तर चांगलं मानतो. तुमचं सॉफ्टवेअर लॉगिन नसलेल्याला ३०२ देऊन लॉगिनच्या पानाकडे पाठवत असेल, तर आत काहीही जळत असलं तरी ३०२ येत राहील आणि तपासणी पास होत राहील. 'एचटीटीपी-चेक एक्स्पेक्ट' वापरून २०० च हवं असं बजावा. काही जुनी सॉफ्टवेअर तर 'काहीतरी चुकलं' असं पानसुद्धा २०० च्या कोडने देतात. तिथे पानात ठरावीक शब्द आहे का, हे तपासावं लागतं.

तिसरं जरा लपलेलं आहे. एकाच सर्व्हरवर दोन-तीन साईट असतील तर कुठली हवी हे होस्ट या हेडरवरून ठरतं. तपासणीत होस्ट पाठवला नाही, तर एनजिनेक्स पहिली किंवा डीफॉल्ट साईट देतो, म्हणजे बहुतेकदा ते 'वेलकम टू एनजिनेक्स'चं पान. ऑर्डरची साईट मेलेली, स्वागताचं पान टवटवीत, आणि लोड बॅलन्सर खूश. होस्ट पाठवा.

सेवा वेबची नसेल, तर 'ऑप्शन टीसीपी-चेक' घेऊन काय पाठवायचं आणि काय परत यायला हवं हे ओळीओळीने लिहिता येतं. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, रेडिस आणि एसएमटीपीसाठी तर तयार सोय आहे. यूडीपीचं मात्र अवघड आहे: तिथे हँडशेक नसतोच, त्यामुळे शेजारी एखादं टीसीपी पोर्ट उघडून त्यावरून खबर घेण्याची पद्धत आहे.

तब्येतीच्या पानात काय असावं

यावर दोन माणसं सहसा एकमत होत नाहीत. माझं मत मी सांगतो, तुमचं तुम्ही ठरवा.

तपासणीसाठी वेगळं, छोटं पान ठेवा. बरेच जण त्याला हेल्थझेड म्हणतात. ते प्रोग्रॅमच्या आतून यायला हवं, नुसती डिस्कवरची फाइल नको. फाइल असली तर एनजिनेक्स ती देऊन मोकळा होईल आणि मागचा पायथन किंवा पीएचपी मेलेला कळणारच नाही. म्हणजे व्यापाऱ्याची मागणी ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने हे पान यायला हवं.

मग त्या पानाने डेटाबेसही तपासावा का? पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं, हो, पूर्ण खात्री झालेली बरी. थांबा. डेटाबेस दोघांचा एकच आहे. महिनाअखेरीचा जाडजूड रिपोर्ट कोणीतरी काढला आणि डेटाबेस दहा सेकंद मंदावला, तर ११ आणि १२ दोघांची तपासणी एकाच वेळी फसेल. लोड बॅलन्सर दोघांनाही बाद करेल. जी साईट दहा सेकंद हळू चालली असती, ती आता पूर्ण बंद. वर डेटाबेस सावरल्यावरही राइजचा आकडा पुरा होईपर्यंत बंदच.

म्हणून माझा नियम: लोड बॅलन्सरला उत्तर देणाऱ्या पानाने फक्त असे दोष बघावेत, जे या सर्व्हरला काढून दुसऱ्याला दिल्याने सुटतील. आपले थ्रेड मोकळे आहेत का, आपल्या डिस्कवर लिहिता येतं का, सेटिंगची फाइल वाचली गेली का. डेटाबेस सगळ्यांचाच गेला असेल तर सर्व्हर बदलून उपयोग नाही. तिथे माणसाला फोन जायला हवा, आणि साईटने 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं नीट सांगायला हवं. डेटाबेसवर नजर ठेवायला वेगळी यंत्रणा लावा. या सर्व्हरची डेटाबेसपर्यंतची वाट तेवढी तुटली तर? ती शक्यता असते, ती पकडायची असेल तर पान डेटाबेसचं उत्तर न मागता नुसती जोडणी होते का एवढं बघू शकतं, तेही काही सेकंद जपून ठेवलेल्या उत्तरावरून.

कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्ये हाच विचार दोन वेगळ्या तपासण्यांत विभागलेला आहे. लाइव्हनेस फसली की कंटेनर पुन्हा सुरू होतो, रेडिनेस फसली की फक्त वाहतूक थांबते. लाइव्हनेसमध्ये डेटाबेस घातला तर काय होईल, याची कल्पना आता तुम्हाला येईल.

आणि पान हलकं असू द्या. दर २ सेकंदांनी म्हणजे दिवसाला ४३,२०० वेळा ते उघडणार आहे. त्यात 'आजच्या ऑर्डर मोजा' अशी क्वेरी असेल तर तपासणीच सर्व्हर दमवेल. अ‍ॅक्सेस लॉगमधून त्या नोंदी वगळा, नाहीतर खऱ्या गिऱ्हाइकांच्या ओळी त्यात बुडून जातील.

आकडे ठरवताना

इंटर गुणिले फॉल, अधिक मुदत, एवढा वेळ लोक अडकणार असं धरा. मालकाला विचारा, "किती सेकंद चालेल?" तो म्हणेल, "एकही नाही." मग त्याला चहा पाजा आणि सांगा की फॉल १ केला तर एक पाकीट हरवलं की चांगला सर्व्हर बाद होईल, आणि उरलेल्या एकावर सगळं ओझं पडेल.

ते ओझंच कळीचं आहे. दोन्ही सर्व्हर ७० टक्के भरलेले असतील, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १४० टक्के काम येतं. तो मंदावतो, त्याची तपासणी मुदतीत पूर्ण होत नाही, तोही बाद होतो. तोवर पहिला जरा मोकळा होऊन परत आलेला असतो, त्याच्यावर सगळं कोसळतं. हा झोपाळा एकदा सुरू झाला की आकडे बदलून थांबत नाही. दोन सर्व्हरची मांडणी असेल तर गर्दीच्या वेळीही दोघं निम्म्याच्या आत भरलेले हवेत. ते शक्य नसेल तर तिसरा घ्या. हे कुठलीही तपासणी लावण्याआधीचं गणित आहे.

मुदतीचा आकडा अंदाजाने टाकू नका. तब्येतीच्या पानाला गर्दीच्या दिवशी किती वेळ लागतो ते मोजा. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते ५० मिलिसेकंदांत येत असेल तर १ सेकंदाची मुदत भरपूर झाली. सोलापुरात एक जादा गोष्ट लक्षात ठेवावी लागते: उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. लाईट गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात, पण एसी सहसा यूपीएसवर नसतो. छोट्या बंद खोलीत तापमान बघता बघता चढतं, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतात. सर्व्हर मरत नाही, रेंगाळतो. टीसीपीची तपासणी इथे शेवटपर्यंत हिरवी राहील. मुदत लावलेली एचटीटीपीची तपासणी पकडेल. पण एकाच खोलीतले दोन्ही सर्व्हर एकाच वेळी तापतात, त्यामुळे त्या खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर तुमच्या तपासणीपेक्षा आधी बोंब मारायला हवा. तो स्वस्तात मिळतो, लावा.

लाईट परत आल्यावरचीही एक गंमत आहे. सगळी मशीन एकदम सुरू होतात. एनजिनेक्स काही सेकंदांत उभा राहतो, डेटाबेस मात्र मोठा असेल तर सावरायला वेळ घेतो, आणि अ‍ॅप्लिकेशन मधेच कुठेतरी असतं. नुसती पोर्टची तपासणी असेल तर सर्व्हर तयार व्हायच्या आधीच रांगेत उभा केला जातो. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना तब्येतीच्या पानाने ५०३ द्यावं, आणि आतली तयारी झाली की २००. एचएप्रॉक्सीत 'स्लोस्टार्ट' आहे. परत आलेल्या सर्व्हरला तो एकदम पूर्ण वाटा न देता हळूहळू वाढवत नेतो.

सर्व्हर बाद झाला की नव्या जोडण्या तिकडे जात नाहीत, पण आधीपासून चालू असलेल्या जोडण्यांना एचएप्रॉक्सी आपणहून हात लावत नाही. वेबसाठी फारसा फरक पडत नाही. तासन्‌तास उघड्या राहणाऱ्या जोडण्या असतील, तर 'ऑन-मार्क्ड-डाउन शटडाउन-सेशन्स' लावा, म्हणजे त्या तोडल्या जातील आणि प्रोग्रॅम नव्याने जोडेल.

मुद्दाम बंद करताना

अपडेटसाठी सर्व्हर काढायचा असेल तर तो बंद करून तपासणीला शोधत बसायला लावू नका. ते ४-६ सेकंद फुकट जातात. आधी ड्रेन करा: नवी जोडणी नाही, जुन्या संपू देत. एचएप्रॉक्सीत 'एचटीटीपी-चेक डिसेबल-ऑन-४०४' अशी सोय आहे. तब्येतीच्या पानाने ४०४ दिलं की सर्व्हर मेलेला न धरता त्याला नवी वाहतूक देणं थांबवलं जातं. एक फाइल ठेवली की पान ४०४ देईल, काढली की २००, असं प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं तर लोड बॅलन्सरला हातही न लावता अपडेट करता येतं. सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत निम्मं ऑफिस सुट्टीवर असतं. अशा वेळी एकट्याने अपडेट करायची पाळी आली तर ही एक फाइल फार कामाची आहे.

तपासणी ठीक, वाट वेगळी

काही वेळा तपासणी खरंच पास होते, सर्व्हरही खरंच ठीक असतो, आणि तरी गिऱ्हाईक अडकतं. कारण तपासणी एका वाटेने जाते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या. आयपीव्हीएसच्या डायरेक्ट रूटिंगमध्ये (सर्व्हर गिऱ्हाइकाला थेट उत्तर देतो त्या पद्धतीत) हे ठळक दिसतं. तिथे सर्व्हरच्या लूपबॅकवर (मशीनच्या आतल्या आतल्या नेटवर्क इंटरफेसवर) सामाईक पत्ता चढवलेला असावा लागतो, पण तपासणी सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्यावर होते. मशीन रीस्टार्ट झालं आणि लूपबॅकवरचा पत्ता परत चढला नाही, तर तपासणी हिरवी आणि गिऱ्हाइकांची पाकिटं गायब.

उलटही होतं. सर्व्हरवर फेलटूबॅन, म्हणजे पुन्हापुन्हा चुकणाऱ्या पत्त्यांना बंदी घालणारा प्रोग्रॅम, असेल आणि सगळी वाहतूक लोड बॅलन्सरच्या पत्त्यावरून आल्यासारखी दिसत असेल, तर एका व्यापाऱ्याने ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की फेलटूबॅन लोड बॅलन्सरलाच बंदी घालतो. लोड बॅलन्सरचा पत्ता त्याच्या सूट यादीत टाका, आणि गिऱ्हाइकाचा खरा पत्ता मागे पोहोचेल अशी प्रॉक्सी प्रोटोकॉलची सोय करा. फायरवॉलमध्येही तपासणी करणाऱ्याच्या पत्त्याला वाट ठेवावी लागते. नवीन सर्व्हर पहिल्यापासून लाल दिसत असेल तर आधी तिथेच बघा.

क्लाउडवर असाल तर

एडब्ल्यूएसचा (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा) नेटवर्क लोड बॅलन्सर २०१७ पासून आहे आणि मुंबईच्या विभागात मिळतो. तत्त्व तेच, पण तीन फरक माहीत हवेत. तपासणीचा डीफॉल्ट अंतराल ३० सेकंद आहे, ५ पर्यंत खाली आणता येतो. न बघता सोडलात तर मेलेला सर्व्हर ओळखायला मिनिटभर लागू शकतं. तपासणी एका जागेवरून होत नाही, अनेक ठिकाणांहून होऊन एकमत घेतलं जातं, म्हणून सर्व्हरवर ठरवल्यापेक्षा जास्त वेळा विचारणा झालेली दिसेल. घाबरू नका, कोणी हल्ला करत नाहीये. आणि तिसरं: सगळेच सर्व्हर आजारी ठरले तर तो वाहतूक थांबवत नाही, सगळ्यांकडे पाठवतो. एचएप्रॉक्सी अशा वेळी जोडणी बंद करतो. डेटाबेसबद्दल वर जे म्हटलं, त्याचे परिणाम या दोन ठिकाणी वेगळे दिसतात ते यामुळे.

लोड बॅलन्सरकडे कोण बघतो

दोन सर्व्हर आणि एक लोड बॅलन्सर, म्हणजे एकच पडलं तर सगळं पडेल अशी जागा तुम्ही फक्त पुढे सरकवली आहे. दुसरा लोड बॅलन्सर घ्या आणि दोघांवर कीपअलाइव्हडी लावा. तो व्हीआरआरपी या प्रोटोकॉलने काम करतो: मुख्य मशीन सहसा दर सेकंदाला 'मी आहे' असं ओरडतं, तीनेक सेकंद आवाज आला नाही की दुसरं मशीन तो सामाईक आयपी आपल्याकडे घेतं. पण एकटा कीपअलाइव्हडी फक्त मशीन जिवंत आहे एवढंच सांगतो. एचएप्रॉक्सी मेला आणि मशीन चालू राहिलं, तर आयपी तिथेच अडकतो. 'व्हीआरआरपी स्क्रिप्ट' लिहून एचएप्रॉक्सी उत्तर देतोय का, हेही त्याला तपासायला लावा. आणि मगाचचा सिगस्टॉपचा प्रयोग इथेही करा, एचएप्रॉक्सीवर. प्रक्रिया चालू आहे का एवढंच बघणारी स्क्रिप्ट इथे फसते. पान मागून बघणारी फसत नाही.

शेवटची तपासणी बाहेरून. ऑफिसच्या वायफायवरून साईट उघडते याला काही किंमत नाही, कारण तिथून पाकिटं बाहेर जातच नाहीत. दुसऱ्या गावातल्या स्वस्तातल्या व्हर्च्युअल मशीनवरून दर मिनिटाला लॉगिनचं पान मागा, आणि लागोपाठ दोनदा फसलं की मोबाईलवर संदेश येऊ द्या. एक सर्व्हर बाद झाला तर रात्री कोणाला उठवू नका, सकाळी बघता येतं. बाहेरची तपासणी फसली तर उठवा. दोन्हींना एकच भोंगा ठेवला तर महिनाभरात लोक तो भोंगा म्यूट करतात. संदेश जाणारा नंबर कोणाचा आहे, तो माणूस अजून कंपनीत आहे का, आणि लाईट गेल्यावर तुमचं इंटरनेटचं राउटर यूपीएसवर आहे का, हे मे महिन्याच्या आधी एकदा बघून घ्या.